पिल्लांआधी घरं मोजू : हॅमस्टरच्या निमित्ताने जबाबदारीचा एक पाठ



मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील शाळेत आले. त्यांच्या घरी एक हॅमस्टर आहे, मादी. मेव्हण्यांकडे नर आहे. ते म्हणाले, "मॅडम, एकदा पिल्लं होऊ द्यावी म्हणतो. पोरीला बघायला मिळेल. तुमच्या वर्गालाही दोन देतो, मुलं खूश होतील."

खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंदच झाला. परिसर अभ्यासात सजीवांची वाढ शिकवतो, आणि इथे जिवंत उदाहरण वर्गात चालून येत होतं. मी जवळजवळ हो म्हणणार होते. पण घरी जाऊन हॅमस्टरबद्दल नीट वाचलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना म्हटलं, "आठ दिवस थांबा. आधी मुलांसोबत हिशेब करू, मग ठरवा."

त्या हिशेबाचे दोन तास वर्गात फार चांगले झाले. म्हणून तो पाठ इथे देत आहे. ज्या पालकांच्या घरी हॅमस्टर आहे त्यांना निर्णय घ्यायला, आणि शिक्षकांना वर्गात घ्यायला, दोन्हीसाठी उपयोगी पडेल.

पाठाची उद्दिष्टे

१. सजीवाची वाढ आणि प्रजनन याबद्दल खरी माहिती मिळवणे.
२. बेरीज, गुणाकार आणि क्षेत्रफळ खऱ्या प्रश्नासाठी वापरणे.
३. "करता येतं" आणि "करावं का" यातला फरक ओळखणे.

तिसरं उद्दिष्ट सगळ्यात महत्त्वाचं. पहिली दोन त्याच्या मदतीला आहेत.

सुरुवात : हे हॅमस्टर आले कुठून?

पाठाची सुरुवात गोष्टीने करा. घरोघरी दिसणारा सोनेरी हॅमस्टर मूळचा सीरिया देशातला. १९३० साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी यांनी अलेप्पो शहराजवळच्या एका शेतात बीळ खणायला लावलं. बिळात एक मादी आणि तिची ११ पिल्लं सापडली. काला आजारासारख्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना प्रयोगासाठी हा प्राणी हवा होता.

पकडलेल्या आईला पिल्लांसकट पेटीत ठेवलं, तर तिने घाबरून स्वतःचंच एक पिल्लू मारलं. पुढे काही पिल्लं पळाली, काही मेली. जी मोजकी उरली, त्यांतल्या भावा-बहिणींपासून पुढची पिढी वाढली. आज जगभरात पाळले जाणारे जवळजवळ सगळे सोनेरी हॅमस्टर त्या एका बिळातल्या कुटुंबाचे वंशज आहेत.

या गोष्टीत दोन धडे आहेत, ते मुलांकडूनच काढून घ्या. एक, हा प्राणी किती झपाट्याने वाढतो. दोन, घाबरलेली आई पिल्लांना मारू शकते. दोन्ही आपल्याला पुढे लागणार आहेत.

कृती १ : फरशीवरची काळरेषा

वर्गाच्या फरशीवर खडूने लांब रेघ ओढा आणि ० ते ६० दिवस आखा. मग मुलांना एकेका दिवसावर उभं करा.

दिवस ० : नर-मादी एकत्र आले.
दिवस १६ : पिल्लं जन्मली. (सोनेरी हॅमस्टरचा गर्भकाळ फक्त १६ दिवसांचा असतो. शेळीचा पाच महिने आणि गाईचा नऊ महिन्यांहून थोडा जास्त. मुलांना हे आधी विचारा, गावातल्या मुलांना पाठ असतं.)
दिवस ३० : पिल्लांचे डोळे उघडले. जन्मताना अंगावर केस नसतात आणि डोळे बंद असतात.
दिवस ३७ : पिल्लं तीन आठवड्यांची झाली, दूध सुटू लागलं.
दिवस ४४ : पिल्लं चार आठवड्यांची झाली. आता त्यांतल्या माद्या स्वतः गाभण राहू शकतात!
दिवस ६० : नातवंडं.

म्हणजे नर-मादी एकत्र आल्यापासून दोन महिन्यांत आपली हॅमस्टर आजी होऊ शकते. आमच्या वर्गात इथे एक मुलगा ओरडला, "बाई, आमची आजी तर साठ वर्षांची आहे!" सगळे हसले. पण साठ दिवस ही गोष्ट पक्की लक्षात राहिली.

आता फळ्यावर हिशेब मांडा. एका वेताला साधारण ८ पिल्लं धरू. कधी कमी, कधी दहाच्याही वर जातात. त्यांत ४ माद्या धरल्या आणि वेळेवर वेगळं केलं नाही, तर प्रत्येकीला पुन्हा ८.

आई-बाबा २ + पिल्लं ८ + नातवंडं ३२ = ४२.

तेही दोन महिन्यांत, आणि आईच्या दुसऱ्या वेताचा हिशेब धरलाच नाही. भावा-बहिणींत संबंध येऊन पिल्लं रोगट निपजण्याचा धोका वाढतो, तो वेगळाच.

कृती २ : पिंजऱ्यांचं क्षेत्रफळ

इथे बहुतेक मोठ्यांनाही माहीत नसलेली गोष्ट सांगा. सोनेरी हॅमस्टर एकटा राहणारा प्राणी आहे. ससे किंवा गिनीपिग एकत्र राहतात तसं त्यांचं नाही. मोठे झाल्यावर सख्खे भाऊसुद्धा एका पिंजऱ्यात ठेवले तर भांडतात, रक्त काढतात, जीवही घेतात. म्हणजे जितकी पिल्लं, तितके पिंजरे.

जर्मनीत प्राणीकल्याणासाठी काम करणारे पशुवैद्य एका हॅमस्टरसाठी निदान १०० सेंटिमीटर लांब आणि ५० सेंटिमीटर रुंद जागा सुचवतात. दुकानात मिळणारे रंगीत नळ्यांचे छोटे पिंजरे याच्यापुढे फारच तोकडे पडतात.

मुलांना फरशीवर १ मीटर × अर्धा मीटर असा आयत काढायला लावा. क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर. आई आणि ८ पिल्लं मिळून ९ आयत, म्हणजे साडेचार चौरस मीटर. आता दहा फूट बाय दहा फुटांची खोली घ्या. ती साधारण सव्वानऊ चौरस मीटर भरते. म्हणजे जवळजवळ अर्धी खोली नुसत्या पिंजऱ्यांनी भरली! एकावर एक मांडले तरी प्रत्येकाचं चाक, बाटली, भुसा, दाणे आणि सफाई वेगळी. आणि हे दोन-चार आठवडे नाही. हॅमस्टर साधारण दोन ते अडीच वर्षं जगतो.

कृती ३ : हात वर आणि चिठ्ठी

मी मुलांना विचारलं, "आठ पिल्लं झाली तर कोण कोण नेईल?" २८ मुलांपैकी १७ हात वर गेले. ज्या मुलीच्या घरचा हॅमस्टर, ती खूश. बघा बाई, घरं तर जास्तच आहेत!

मग मी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. घरी दाखवून पालकांची सही आणायची. चिठ्ठीवर सहा प्रश्न होते :

१. आपल्याकडे वेगळ्या पिंजऱ्यासाठी जागा आहे का?
२. घरात मांजर किंवा कुत्रा आहे का?
३. आपण सुट्टीत गावी गेलो तर त्याच्याकडे कोण बघेल?
४. एप्रिल-मे महिन्यात त्याला गारव्याला ठेवता येईल का?
५. तो आजारी पडला तर डॉक्टरांचा खर्च करणार का?
६. दोन वर्षांनी मुलाचा उत्साह संपला तरी मोठं माणूस सांभाळेल का?

दोन दिवसांनी चार चिठ्ठ्या "हो" म्हणून परत आल्या. त्यातल्या एका घरात मांजर होतं. एक कुटुंब उन्हाळ्यात दीड महिना गावी जाणार होतं. खरी घरं उरली दोन.

फळ्यावर मी एवढंच लिहिलं : हात १७, घरं २, पिल्लं ८.

वर्ग शांत झाला. मी काही समजावून सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. शिक्षकांना विनंती, इथे भाषण करू नका. आकडे बोलतात.

आपला शेतकरी काय बघतो?

चर्चेसाठी एक प्रश्न विचारा : गाय फळवायची असेल तर शेतकरी आधी काय बघतो? आमच्या मुलांनी सांगितलं ते असं. गाय धडधाकट आहे का. वळू कुठल्या जातीचा, कसा आहे. यंदा चारा पुरेल का. वासरू झालं तर ठेवायचं की कुणाला द्यायचं. डॉक्टर हाताशी आहेत का.

पिढ्यानपिढ्या चालत आलेलं हे शहाणपण आहे, आणि हॅमस्टरला ते जसंच्या तसं लागू पडतं. गाईच्या बाबतीत आपण जे आधी विचारतो, ते मुठीत मावणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत विचारतच नाही. तो लहान आहे आणि स्वस्त आहे म्हणून! जीव लहान म्हणून जबाबदारी लहान होत नाही.

पालकांसाठी : "नाही" कधी म्हणायचं

खालीलपैकी एक जरी गोष्ट लागू असेल तर पिल्लांचा विचार सोडून द्या.

दोन्ही हॅमस्टर एकाच दुकानातून, एकाच वेळी आणलेत. ते भाऊ-बहीण असू शकतात.

आई-बाप कोण, त्यांना काही आजार होता का, याची माहिती नाही. रंगाचं एक उदाहरण देते. पांढऱ्या अंगावर रंगीत केस विखुरलेले असतात अशा सोनेरी हॅमस्टरना "रोन" म्हणतात. दोन रोन एकत्र आले तर सरासरी चारात एक पिल्लू डोळ्यांशिवाय जन्मतं. हाच गुण काही हॅमस्टरमध्ये फक्त पांढऱ्या पोटाच्या रूपात असतो आणि सहज ओळखू येत नाही. आई-बाप स्वतः अगदी ठणठणीत दिसतात, म्हणून नुसतं बघून अंदाज बांधता येत नाही.

लहान जातीचे, "ड्वार्फ" म्हणून विकलेले हॅमस्टर आहेत आणि नेमकी जात माहीत नाही. त्यांत कॅम्पबेल आणि विंटर व्हाइट या दोन वेगळ्या जाती आहेत. दिसायला सारख्या, त्यामुळे सरमिसळ होते. त्यांचा संकर होतो, पण प्रसूतीत अडचणी येऊ शकतात. शिवाय कॅम्पबेलमध्ये मधुमेहाचं प्रमाण जास्त दिसतं, तोही पुढे जातो.

मादी चावरी आहे, आजारी आहे किंवा वयाने वर्षाच्या पुढे गेली आहे.

छोट्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर जवळ नाहीत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशी आणि शेळ्यांचा अनुभव असतो, हॅमस्टरचा असेलच असं नाही. आधी जाऊन विचारून या.

आणि कारण फक्त "मुलांना बघायला मिळेल" किंवा "दुकानदार विकत घेईल" एवढंच आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांमध्ये कुत्रा, मांजर, सशाबरोबर हॅमस्टरचंही नाव आहे. अशा दुकानाला राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. शिवाय दुकानात दिलेलं पिल्लू पुढे कुणाच्या हाती गेलं, हे आपल्याला कधीच कळत नाही.

"नको झाली तर शेतात सोडून देऊ" हा तर पर्यायच नाही. पाळलेला हॅमस्टर आपल्या उन्हात, मांजरं आणि कावळ्यांमध्ये तग धरत नाही. प्राण्याला उपाशी-तहानलेलं मरायला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

आणि सगळं जमत असेल तर?

सगळी उत्तरं पक्की असतील, निदान दहा घरांनी सही करून "हो" म्हटलं असेल, तर पुढची पद्धत समजून घ्या. ही सोनेरी हॅमस्टरसाठी आहे.

वय आणि वेळ : मादी चार आठवड्यांची झाली की गाभण राहू शकते, पण तिचं शरीर तयार झालेलं नसतं. चार ते सहा महिन्यांची झाल्यावरच विचार करा. एप्रिल-मे टाळा. तिशीच्या वर पारा गेला की हॅमस्टरला उष्माघाताचा धोका असतो, गाभण मादीला तर अधिकच.

एकत्र आणणं : मादी दर चार दिवसांनी संध्याकाळच्या सुमाराला माजावर येते. नराला तिच्या पिंजऱ्यात कधीही सोडू नका, ती त्याला घुसखोर समजून फाडते. दोघांना तिसऱ्याच मोकळ्या जागी आणा. ती माजावर असेल तर अंग ताठ करून, शेपटी वर धरून स्तब्ध उभी राहते. नसेल तर अंगावर धावून जाते. तेव्हा जाड हातमोजे घालून लगेच वेगळं करा. वीस-पंचवीस मिनिटांनी दोघंही आपापल्या पिंजऱ्यात. पिल्लं वाढवण्यात नराचं काही काम नसतं.

गाभणपण : रोजच्या दाण्यांबरोबर थोडं उकडलेलं अंडं, मोड आलेले मूग द्या. तेराव्या-चौदाव्या दिवशी पिंजरा स्वच्छ करा आणि घरट्यासाठी बिनवासाच्या, साध्या पांढऱ्या कागदाचे तुकडे भरपूर ठेवा. मग हात लावायचा नाही.

जन्मानंतर दोन आठवडे : हाच सगळ्यात कठीण काळ, मुलांसाठी आणि आपल्यासाठी. पिल्लांना हात लावायचा नाही, घरटं उघडून बघायचं नाही, सफाई करायची नाही. फक्त दाणा-पाणी. गडबड झाली, वेगळा वास आला, तर आई पिल्लं खाऊ शकते. अलेप्पोची ती आई आठवा. म्हणजे ज्या कारणासाठी आपण हे सगळं करणार, "मुलांना बघायला मिळेल", तेच नेमकं करता येत नाही! मुलांना हे आधीच सांगून ठेवा. असं काही झालं तर आई "वाईट" नसते, ती घाबरलेली असते, हेही सांगा.

वेगळं करणं : २८ वा दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. त्या दिवशी नर आणि माद्या वेगळ्या झाल्याच पाहिजेत. ओळखण्यासाठी शेपटीखालच्या दोन छिद्रांमधलं अंतर बघतात, नरात जास्त आणि मादीत कमी. खात्री नसेल तर डॉक्टरांकडून करून घ्या. सहा आठवड्यांच्या सुमाराला भांडणं सुरू होतात, तोवर प्रत्येकाचा पिंजरा वेगळा.

देताना : सोबत जन्मतारीख, आहार आणि डॉक्टरांचा पत्ता लिहून द्या. आणि एक शब्द द्या, "जमलं नाही तर परत आणा, आम्ही घेऊ." हा शब्द देता येत नसेल, तर पिल्लं होऊ देऊ नयेत.

घरात गरोदर बाई असेल तर तिने हॅमस्टर आणि त्याच्या पिंजऱ्यापासून दूर राहावं. इतरांनी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. हे नेहमीसाठीच.

आणलेली मादी आधीच गाभण निघाली तर?

असं बऱ्याचदा होतं, कारण दुकानात नर-माद्या एकत्र ठेवलेल्या असतात. घाबरू नका. तिला शांत, गार जागी ठेवा आणि वर दिलेले दोन आठवड्यांचे आणि २८ व्या दिवसाचे नियम पाळा. चिठ्ठ्या मात्र त्याच दिवशी वाटायला घ्या. चार-सहा आठवडे हा हा म्हणता जातात.

मग जीवनचक्र दाखवायचं कसं?

शाळेत किंवा शेजारी लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं झाड असेलच. त्याच्या कोवळ्या पानांवर लिंबू फुलपाखराची बारीक पिवळसर अंडी शोधा. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू, सगळं साधारण महिनाभरात डोळ्यांसमोर घडतं. रोज ताजी पानं द्या आणि शेवटी उडवून द्या. त्याचं घर बाहेर आहेच, ते आपल्याला शोधावं लागत नाही. कुणाच्या घरी शेळी व्यायली असेल तर वर्ग घेऊन तिकडे जा. पावसाळ्यात डबक्यातली बेडूकपिल्लं आहेतच.

शेवटी

त्या मुलीने वडिलांना काय सांगितलं, ते त्यांनीच मला शाळा सुटताना सांगितलं. "मॅडम, पोरगी नाही म्हणाली. म्हणाली, बाबा, सहा पिल्लांना घर नाही." थोडं थांबून म्हणाले, "मी तर पिंजरे किती लागतील एवढाही विचार केला नव्हता." मीही केला नव्हता, हे मी त्यांना सांगितलं.

त्यांची हॅमस्टर अजून आहे, मजेत आहे. पिंजरा मात्र आता मोठा झालाय. मुलीने फरशीवरच्या आयताचं माप दोरीने घेऊन घरी नेलं होतं.

तुमच्या वर्गात हॅमस्टर नसेल तर ससा, कुत्री, मांजर घ्या. काळरेषा, पिंजऱ्यांऐवजी जागा-खर्चाचा हिशेब आणि सहीची चिठ्ठी, तिन्ही कृती तशाच चालतात. हात किती वर जातात आणि चिठ्ठ्या किती परत येतात, ते मात्र नक्की मोजा.